पुसलेलं मलम

ताकाओका शहरातल्या कातडीच्या दवाखान्यात मी बसले होते. शेजारी सासू-सून होत्या. सुनेच्या मांडीवर दीड वर्षाचा इत्सुकी रक्त येईस्तोवर गाल खाजवत होता. चोरून ऐकायची मला सवय नाही. लोकच माझ्या कानाशी येऊन भांडतात.

"आई, हलक्या मलमानं गुण नाही, म्हणून डॉक्टर आज जोराचं देणार."

"मी सांगतच होते! स्टेरॉइड म्हणजे विष."

"वरून टिश्यू ठेवला तर चिकटेल इतकं लावा म्हणाले होते. मी तसंच लावते."

"लावतेस कसलं, थापतेस!"

"मग रात्री त्याचं अंग कोरडं कसं?"

"मुरत असेल."

"आज तुमच्या खोलीतला कचरा काढला. मलमानं माखलेले टिश्यू होते त्यात."

"आजी आहे मी त्याची! भल्यासाठीच पुसलं."

"कधी?"

"रात्री तू आंघोळीला गेलीस की."

"म्हणजे रोज. घरात शेवटची आंघोळ माझीच असते, त्याला मलम लावून झाल्यावर."

"आवाज खाली कर."

"आत येऊन सांगा तेवढं. मग जोराचं देणार नाहीत, हलकंच नीट लावू."

"परक्या माणसासमोर अब्रू घालवू? तूच सांग, लावायला विसरले म्हणून."

"मागच्या वेळी डॉक्टर मलाच बोलले. मी वाकून माफी मागितली. तुम्ही शेजारी बसून मान डोलावत होतात!"

"कुरामोची इत्सुकी!" आतून हाक आली. सून पोराला घेऊन उठली. सासू बसूनच राहिली, मग माझ्याकडे वळली.

"बघितलंत? हल्लीच्या पोरींना साधं मलम लावता येत नाही."