दंतोबाची प्रतिष्ठापना

मंडळी, आख्यानाआधी एकच प्रश्न! देव ठेवायचा कुठं? — "देव्हाऱ्यात!" वा! पहिल्याच रांगेतून उत्तर आलं. बरोबर का चूक, ते गोष्ट संपल्यावर तुम्हीच सांगा.

तर एका गावात — नाव नाही सांगत, त्या गावचे पाहुणे मागं बसलेत! — विश्रामबापू नावाचे गृहस्थ. नाव विश्राम, आणि जन्मात विश्रांती नाही! घोरायचे! अहो, आढ्यावरची मांजरं घर सोडून गेली! बरं, रात्रभर घोरूनही झोप पुरी व्हायची नाही. दिवसा कुठंही डोळा लागायचा. एकदा तिरडीला खांदा दिला, आणि चालता चालता बापू घोरले — घुर्रर्र! पुढचे दोघं तिरडी टाकून पळाले. त्यांना वाटलं, मयत उठलं!

हसताय? हसा! पण बापूंची बायको, सुभद्राकाकू, ती हसत नव्हती. तिला घोरण्याचं भय नव्हतं हो, घोरणं थांबण्याचं होतं! घुर्र, घुर्र... आणि मधेच गप्प. श्वासच नाही! ती माउली उठून बसायची, नाकाशी सूत धरायची. सूत हलायचं नाही! मग बापू एकदम दचकायचे, श्वास यायचा, तेव्हा हिच्या जिवात जीव यायचा. कुंकवाची राखण अशी जागून केली हो तिनं.

शेवटी तालुक्याला नेलं. तपासण्या झाल्या. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक साचा करून दिला — कवळीसारखा, वरच्या-खालच्या दातांवर बसणारा. झोपताना घालायचा. खालचा जबडा जरा पुढं धरतो, घशाची वाट मोकळी राहते. इतकंच! बापू लेकरासारखे झोपले, आणि काकू उशाशी बसून रडली. आनंदानं!

बाईंनी बजावलं होतं — "रोज धुवा, स्वच्छ जागी ठेवा, कुत्र्यापासून जपा!" आता सांगा, आपल्या घरात कुत्रं शिरत नाही, पोर हात लावत नाही, अशी जागा कोणती? — देव्हारा! काकूनं साचा वाटीत पाणी घालून ठेवला, बाळकृष्णाच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी शेजारची साळूबाई आली फुलं मागायला. बघते तर देवांच्या पंगतीत दात! पण देव्हाऱ्यातल्या वस्तूला कुणी आधार कार्ड विचारतं का? जोडले हात! "म्हशीला पान्हा फुटू दे रे बाबा!" वाटीतलं पाणी तीर्थ म्हणून घेतलं, आणि — संध्याकाळी म्हशीनं दूध दिलं! झालं! बायकांची रीघ लागली. काकू सांगतेय, "अगं, हा ह्यांचा साचा आहे!" तर म्हणतात, "असंना! देव कुठल्याही रूपात येतो!"

नावही पडलं — दंतोबा! बापू-काकू शेतात गेलेले बघून गावानं वाजतगाजत साचा उचलला, देवळात काचेच्या पेटीत बसवला, पेटीला कुलूप! त्याला रोज आंघोळ, आणि त्या पाण्याचं तीर्थ! देवळाचे अध्यक्ष झुंबरराव — ते तर दोनदा घ्यायचे.

बापू धावत गेले. "झुंबरराव, अहो, माझ्या तोंडातला आहे तो!"

"तोंडात घालता? बापू, देव उष्टा होईल!"

"उष्टा आहेच की! त्याचंच धुवण पिताय तुम्ही!"

अडचण बघा, मंडळी. बापूचं खरं मानावं, तर अख्ख्या गावानं काय प्यायलं? त्यापेक्षा देवच बरा! झुंबरराव म्हणाले, "पाखंड बोलू नका, बापू. रांगेत या, दर्शन घ्या."

घरी पुन्हा ते घोरणं, पुन्हा ते गप्प होणं, पुन्हा काकूच्या हातात सूत.

मग एका दुपारी, आरतीच्या वेळी, बापू खांबाला टेकले आणि डोळा लागला. घुर्र, घुर्र! लोक हसले. आणि घोरणं थांबलं. टाळ थांबले, झांजा थांबल्या, तरी श्वास येईना! ओठ निळे पडले. झुंबरराव ओरडले, "साकडं घाला दंतोबाला!" सगळं गाव पेटीकडं वळलं, हात जोडले, डोळे मिटले — आणि बापूकडं सगळ्यांची पाठ!

एकट्या काकूनं बापूला गदगदा हलवलं. श्वास आला! मग ती उठली, नवसाच्या ढिगातला नारळ उचलला, आणि — खळ्ळ! पेटी फुटली!

"तुमचा देव तुमच्यापाशी ठेवा! माझ्या माणसाचा श्वास मला द्या!"

साचा धुतला, बापूंच्या तोंडात बसवला. दमलेला जीव तो, तिथंच पुन्हा झोपला. सगळं गाव त्यांच्या छातीकडं बघत बसलं. वर, खाली. वर, खाली. घोरणं नाही, थांबणं नाही! झुंबररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पावला की हो!"

काकू म्हणाली, "पावणारच. जागेवर बसला."

झुंबरराव मान हलवत बाहेर गेले, आणि गुपचूप चूळ भरून आले!

आता बोला, पहिली रांग! देव ठेवायचा कुठं? देवाचं नाम आहे तुमच्याकडं, मला दिसतं ना! दारावरच्या पाटीवर आहे, गाडीच्या काचेवर आहे, फोनच्या रिंगमध्ये आहे. त्याला हार घालता, धूप दाखवता. आणि जिथं ते बसवायचं, तिथं काय? तंबाखू आणि शेजाऱ्याची निंदा!

आणि हो — त्या खांबाला टेकलेल्या मामांना हसू नका. केव्हाचे घोरताहेत. मामी, नीट ऐका, मधेच श्वास थांबतो का? थांबत असेल तर नवस नको, उद्या डॉक्टर! आत्ता उठवा त्यांना. आणि मंडळी, नुसते हात जोडू नका — तोंड उघडा! विठ्ठल, विठ्ठल!