टोकावरचा बेडूक

दोष चुन्नीलाल गुरुजींचा. दुसऱ्या कोणाचा नाही, पावसाचा तर नाहीच, आणि तुम्ही आधी पूर्ण ऐकून घ्या, मग माना हलवा... कारण गावात ज्याला सांगायला जावं तो म्हणतो, "असं नोको बोलू योगराज, गुरुजी देवमाणूस आहे." असेल. पण देवमाणसाच्या धानाच्या बांध्या नेमक्या तलावाच्या तोंडाशी कशा काय असतात, हे मला कोणी सांगत नाही.

तुम्हाला सांगतो, रिटायर झाल्यावर माणसाने काय करावं? खाटेवर पडावं, सुपारी कातरावी, सुनेच्या भाजीत मीठ कमी काढावं. आमचे बाकीचे म्हातारे हे अगदी मन लावून करतात. गुरुजींना मात्र पोरांवर संस्कार करायचे होते. दर शनिवारी शाळा सुटली की समाजमंदिरात गोष्ट. गोष्ट संपली की धोतराच्या टोकाने चष्मा पुसत विचारणार, "मग पोरांनो, काय बोध घेतला?" पोरं एका सुरात, "एकमेकांले मदत करावी, सर्वांनी मिळून काम करावं." मग प्रत्येकाला एक संत्रागोळी. मीही ह्याच गोळ्या खाऊन मोठा झालो. बोध घेत घेत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत गेलो आणि तिथून परत आलो, तो विषय वेगळा, त्यावरही गुरुजींचं मत आहे, गुरुजींचं कशावर नाही?

तर आमचा तलाव. पूर्वजांनी बांधला, मातीच्या बांधाची पार घातली, पारीखाली पाणी सोडायला दगडी तुडुम बसवलं, तुडुमाला लाकडाचं बूच. बूच काढलं की पाणी नहरात, नहरातून बांध्यांत. पूर्वज हुशार होते, हुशारी तिथेच संपली. पाणी वाटपाच्या समितीचा अध्यक्ष कोण? बरोबर ओळखलं. नियम काय? पाणी तोंडाकडून टोकाकडे, पाळीपाळीने, आणि ज्या घरच्याने पाळी नसताना बूच काढलं त्या घरची सालभर पाळी बंद. टोकाला शेती दोघांची, माझी आणि रुख्मा काकूची. म्हणजे गुरुजींच्या धानात बगळे पोहून राहिले आणि आमच्या बांध्यांना भेगा, रोवणीसाठी टाकलेले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, जागीच पिवळे. मी विचारायला गेलो. "गुरुजी, आमची पाळी कधी?" म्हणाले, "धीर धर. तुले कॉलेजातही धीर निघाला नाही." सांगा, पाणी मागायला गेलेल्या माणसाला मार्कशीट विचारतात का कुठे?

त्या शनिवारी ह्या माणसाने कोणती गोष्ट सांगावी? ऐका. एक झरा होता. झऱ्यात धोंडा अडकला. वरची जनावरं मजेत, आणि खाली टोकाला एक बेडूक, चिखल वाळला, बेडूक तडफडून राहिला. अस्वलाने धोंडा ढकलला, हलला नाही. सारस आला, चोच लावली, नाही हलला. मग खेकडा, ससा, मुंगी, सगळे मिळून लागले, हेइसा... धोंडा सरकला, पाणी बेडकापर्यंत गेलं. मी खिडकीबाहेर उभा राहून ऐकलं. गुरुजींच्या डोळ्यात पाणी. डोळ्यातलं सोडत होते, तलावातलं नाही.

"मग पोरांनो, काय बोध घेतला?"

पोरांनी म्हटलं नेहमीचं. गोळ्या वाटल्या. पण गुरुजींची नात प्राची, वय वर्षं नऊ, गोळी गालात ठेवून विचारते, "आबाजी, आपल्या गावातला बेडूक कोण?" गुरुजी हसले, "गोष्टीतले प्राणी गोष्टीतच राहतात, बेटा." तेवढ्यात रुख्मा काकूचा सोनू, सात वर्षांचा, बोलला, "मले माहीत आहे. बेडूक म्हणजे योगराजदादा." तुम्हाला हसू येऊन राहिलं? येऊ द्या. सगळ्या गावाला आलं.

पुढचं मी पाहिलं नाही, मी माझ्या बांधीच्या धुऱ्यावर मोबाईल पाहत बसलो होतो. त्याच दिवशी, भर दुपार. पायाला गार लागलं. खाली बघतो तर पाणी. भेगांमधून शिरत, बुडबुडे काढत... दोन सालांत पहिल्यांदा. आणि नहरातून सात पोरं धावत, अंगभर चिखल, गोऱ्ह्याचं दावं खांद्यावर. "दादा, पाणी आलं का? आमी बूच काहाडलं. दावं बांधून, सर्वांनी मिळून." त्या बुचाला चार गडी लागतात, तुम्हाला सांगतो, आणि ह्यातल्या दोघांच्या चड्डीला नाडी नव्हती. मी पळत तुडुमाकडे गेलो, दोघांना हाक मारून बूच ठोकलं. जेमतेम तासभराचं पाणी. चिखलणीही होत नाही तेवढ्यात, बांधी नुसती ओली होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभा. सगळं गाव. गुरुजी मधे खुर्चीवर. "पाळी नसताना बूच कोणी काहाडलं?" पाणी गेलं माझ्याकडे, म्हणून डोळे माझ्याकडे. मी तोंड उघडणार तोच प्राची उभी राहिली. मागून सोनू. मागून पाच. "आबाजी, आमी काहाडलं. सर्वांनी मिळून."

गुरुजी हसले, तुम्हाला सांगतो, मनापासून हसले. "अवो बाई, चार गड्यांचं काम ते. लेकराबाळांनं कसं होईल? असं फक्त गोष्टीत होते."

असं फक्त गोष्टीत होते. वर्षानुवर्षं सांगितलेली गोष्ट, आणि सभेत म्हणतात गोष्टीत होते. प्राचीने दावं काढून दाखवलं. "पुन्हा काहाडून दाखवतो, चला." तेव्हा कुठे गुरुजींचं हसू आटलं. घसा साफ केला. "खरं असन तर नियम सर्वांले सारखा. ज्या ज्या घरचे लेकरं, त्या त्या घरची पाळी बंद." सात घरं. त्यातल्या सहांच्या बांध्या वरच्या अंगाला, त्यांची रोवणी कधीच झालेली, तलाव आटला तरी त्यांना फरक नाही. गुरुजींचं घर त्यातच. उरली रुख्मा काकू. तिने सोनूला खाली ओढलं, पदर तोंडाशी धरला आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, मी मान फिरवली असती.

मी म्हणालो, "मी काहाडलं. पोरांले मीच शिकवलं असं बोलायला."

काऊन म्हणालो? मला काय माहीत काऊन? त्या गोळ्यांचाच परिणाम असेल, लहानपणी खाल्लेल्या. रुख्मा काकूची पाळी शाबूत राहिली, पुढच्या बुधवारी तिच्याकडे पाणी गेलं, माझ्या धुऱ्याला घासून. गुरुजींनी लिहिणाऱ्याला सांगितलं, "योगराज, सालभर बंद." मग चष्मा पुसला, सगळ्या सभेसमोर माझ्याकडे पाहिलं. "मग योगराज, काय बोध घेतला?"

आमच्या गावात शहाणी माणसं सात आहेत आणि सगळ्यात मोठं चौथीत आहे, हा घेतला. घरी आलो. आई म्हणाली, "जेव." पऱ्हे उपटून बैलांपुढे टाकले, त्यांनी आनंदाने खाल्ले, त्यांना कोणी बोध विचारत नाही.

पुढच्या शनिवारी प्राची दारात आली, मुठीत चिकटलेली संत्रागोळी. "दादा, तुमची राहिली होती."

खाल्ली. दोन बांध्या या साली पडीक आहेत.