मृदुला अजून दारातच

माझे पूर्ण नाव डोंगरसिंग हिरासिंग राठोड, वय वर्षे सदुसष्ट, आणि सदुसष्टाव्या वर्षी माणसाने आपला मान वर्तमानपत्राच्या चित्रातल्या एका बाईपायी पणाला लावावा काय, हे तुम्हीच मला सांगा. शाळा मी पाहिलेली नाही. मैलाच्या दगडांवरून आणि कापसाच्या जिनाच्या पाटीवरून अक्षरे जुळवीत वाचायला शिकलो, आणि गेली तीस वर्षे आमच्या बंजारा तांड्याला वर्तमानपत्र वाचून दाखवणारा मी एकटाच... ही बढाई नव्हे, माहिती आहे.

तर नागपूरचे दैनिक दुपारच्या एस.टी.ने येते, तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या, अंगणात कडुनिंबाखाली मंडळी जमतात, मी बातम्या वाचतो, आणि शेवटी, नाइलाजाने, चौथ्या पानावरची ती चित्रकथा... 'मृदुलेचा संसार'. रोज तीन चौकटी. पुण्याचे एक डॉक्टर शेखर, त्यांची आई, आणि पत्नी मृदुला, जी घर सोडून निघाली आहे, हातात पेटी आहे, दारात उभी आहे. सोमवारी दारात, मंगळवारी दारात, पुढच्या सोमवारीही दारातच, आणि तुम्हाला सांगतो, आमची मंडळी हसतात. छापील मजकुराला हसू नये, हे मी तीस वर्षे सांगत आलो, कोणी ऐकते काय?

नायकाची बायको रुपीबाई, मला भिया म्हणजे भाऊ म्हणणारी, ती म्हणते, "अजून दारातच हाय का थे? बैलगाडीनं निघाली असती तरी माहेरून परत आली असती आतालोक." शेजारच्या गावचे मारोतराव, घरचे खाऊन केवळ हसण्यासाठी मैलभर चालत येणारे गृहस्थ, ते म्हणतात, "पेटी तरी खाली ठेव म्हणा तिले, खांदा उतरन बाईचा." मी म्हणालो, मारोतराव, छापील मजकुराला हसू नये, छापले आहे म्हणजे काही कारण असेलच. ते म्हणाले, "कारण एकच हाय. चित्रवाल्याले बसलेली बाई काढता येत नाही."

आणि अशातच माझ्या चष्म्यावर म्हशीने पाय ठेवला. नवा यवतमाळहून यायला महिना. बातम्यांचे मथळे दिसत, तेवढेच वाचून मी "बाकी विशेष नाही" म्हणत असे. परंतु मृदुलेचे बोलणे मुंगीएवढ्या अक्षरांत. दिसत नाही असे सांगावे? तीस वर्षांच्या वाचकाने? मी कागद छातीशी धरला, आणि तोंडाला आले ते वाचले. मृदुला सासूला म्हणाली, "मी माहेरी जात नाही, मी पंच बसवते."

हे कुठून आले, मला ठाऊक नाही. आमच्यात नवराबायकोचे बिनसले की नायक दोन्हीकडचे बसवून ऐकतो, दुसरी रीत मला सुचणार कशी? दुसऱ्या दिवशी नायक आला, तिसऱ्या दिवशी सासूची जबानी... पुण्याच्या डॉक्टरांच्या दिवाणखान्यात नायक कुठून उगवला, हे एकानेही विचारले नाही. छापील मजकुराला कोणी हसेना. रुपीबाई चूल विझवून लवकर येऊन बसू लागली. तीन आठवडे तंटा चालला, अखेर सासूने चूक कबूल केली, गूळ वाटला, आणि रुपीबाईने घरातला खरा गूळ आणून आम्हा सर्वांच्या हातावर ठेवला. माझ्या घशाखाली तो उतरला नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी तांड्यातल्या बाबूसिंगची मुलगी जमनी सुटीवर आली, यवतमाळला मास्तरीण होण्याचे शिक्षण घेते ती, आणि बाबूसिंग म्हणाला, "आज माही पोर वाचून दाखवन." नाही कोणत्या तोंडाने म्हणू? जमनीने चौथे पान उघडले आणि स्वच्छ वाचले, "शेखर, मी जाते." मृदुला दारात. हातात पेटी.

रुपीबाई म्हणाली, "पोरी, नीट वाच. तंटा काल मिटला, गूळ खाल्ला आम्ही." तिने पुन्हा वाचले. तेच. मारोतराव म्हणाले, "शहरात असंच वाचाले शिकवते काय?" बाबूसिंगची मान खाली गेली, आणि ती मुलगी भरल्या डोळ्यांनी कागद माझ्यापुढे धरून म्हणाली, "काका, तुमीच पाहा ना."

मी पाहिले. मला फक्त पेटी दिसली. तुम्हाला सांगतो, "पोर चुकली" एवढे दोन शब्द पुरे होते, माझी तीस वर्षे शाबूत राहिली असती... आणि तिची सुरू होण्याआधीच संपली असती. मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "जमनीने वाचले तेच छापले आहे. मला तीन आठवडे अक्षर दिसत नाही. तंटा मीच मिटवला."

मग रुपीबाईने विचारले, "म्हणजे पेपरात थे अजून दारातच हाय?"

"होय."

"मंग भिया, पेपर राहू द्या पोरीजवळ, अन् पुढचं तुमी सांगा. डॉक्टर सुधरला का नाही?"

मारोतराव हसले, बाबूसिंग हसला, जमनी डोळे पुसता पुसता हसली, आणि मला इतक्या दिवसांनी प्रथमच कडकडून भूक लागली. कालचा गूळ उरला आहे काय, असे मी विचारले. उरला होता.

त्यानंतर बदलले ते इतकेच. जमनी सुटीवर असली की बातम्या ती वाचते, नसली की मी, नव्या चष्म्याने. छापील मजकुराला हसू नये, असे मी आता म्हणत नाही. चौथे पान उघडले की रुपीबाई म्हणते, "भिया, चष्मा काढा."

मी काढतो.