आधी भावाचा हप्ता

सुज्ञ वाचकहो, एका बहिणीचे राहते घर बँकेने ताब्यात घेऊन विकले, आणि त्याच घराच्या तारणावर सख्ख्या भावाने तिला जे कर्ज दिले होते, त्याची वसुली करण्यास तो भाऊ त्याच घरी आला. त्या प्रसंगीचे संभाषण मी येथे नम्रपणे सादर करीत आहे. सामान वाहून नेण्याचे काम मजकडे असल्यामुळे ते सर्व माझ्या कानांवर पडले. त्यात पदरचे मी काही घातलेले नाही. केवळ जेथे एखादे वाक्य अर्धवट राहिले, तेथे ते पूर्ण केले आहे.

(रिकामी होत आलेली बैठकीची खोली. बहीण खोक्यांना दोरी बांधीत आहे. तिचा धाकटा भाऊ, व्यवसायाने सुतार, तिच्यासमोर उभा आहे. खिडकीपाशी बँकेचा वसुली अधिकारी.)

भाऊ : कळवणारच होते, हे मला सांगू नकोस, ताई. दारावर नोटीस लागली, घराचा लिलाव झाला, आणि मला कळलं कुठे, तर प्लायवुडच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, तुमच्या बहिणीचं घर गेलं म्हणे. मी त्यालाच वेड्यात काढलं.

बहीण : दोरीचं ते टोक धर जरा.

भाऊ : धरलं. आता बोल.

बहीण : काय बोलू? दुकानदार खरं तेच म्हणाला.

अधिकारी : बाई, तो आरसा भिंतीत स्क्रूने बसवलेला आहे. बसवलेल्या वस्तू घराबरोबर विकल्या गेल्या. तो तसाच राहू द्या.

बहीण : राहू द्या. त्यात बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

भाऊ : साहेब, हे कपाटही भिंतीतच आहे. मी स्वतः केलंय. चांगलं सागवानी आहे.

अधिकारी : मग तेही राहील.

भाऊ : मी त्याची मजुरी घेतली नव्हती हिच्याकडून.

अधिकारी : त्याची नोंद आमच्याकडे नसते. तुम्हीच ना ते दुसरे धनको? फोनवर आपण बोललो होतो.

भाऊ : मीच. कागद आणलाय. दाजींनी लाँड्रीसाठी पैसे मागितले, तेव्हा हे घर तारण म्हणून लिहून दिलं होतं. मी नको म्हणत होतो. तेच म्हणाले, व्यवहार व्यवहारासारखा हवा, उद्या माझा भरवसा नाही.

अधिकारी : शहाणा माणूस होता. आता नीट ऐका. घर विकून आलेल्या पैशांतून आधी बँकेचं देणं वळतं झालं. थोडी रक्कम उरली. तिच्यावर पहिला हक्क तुमच्या कागदाचा. तुमचं भागून काही उरलं, तर ते बाईंचं.

भाऊ : किती उरतं?

अधिकारी : तुमचं येणं आणि ती शिल्लक जवळजवळ सारखीच आहे. बाईंच्या हाती सामान नेण्याचं भाडं येईल, फार तर.

बहीण : चला. टेम्पोवाल्याची काळजी मिटली.

भाऊ : थट्टा कसली करतेस? मी काय हौसेने आलोय का? माझ्या कारखान्याची शेड मालक विकायला निघालाय. महिनाअखेर पैसे मोजले तर मला देईल, नाही तर यंत्रं रस्त्यावर. हाताखालचे कारागीर रोज तोंडाकडे बघतात. आणि मी इतके दिवस निर्धास्त होतो, का, तर तुझा हप्ता कधी चुकला नाही.

अधिकारी : काय म्हणालात? यांचा हप्ता येत होता?

भाऊ : दर महिन्याला. लिफाफ्यात घालून स्वतः आणून द्यायची. चहासुद्धा न घेता जायची.

अधिकारी : बाई, तुमचे यजमान गेल्यापासून आमच्याकडे एकही हप्ता आलेला नाही. एकदा तुमची गाठ पडली, तेव्हा तुम्ही मला सांगितलंत, लाँड्री चालत नाही.

बहीण : खोटं नव्हतं ते. दोघांचे हप्ते भागतील एवढी चालत नव्हती. एकाचा भागत होता.

भाऊ : आणि तो तू मला दिलास?

बहीण : मग कोणाला देणार?

अधिकारी : बँकेला, बाई. बँकेचा हप्ता थकला की घर जातं. भावाचा थकला तर...

बहीण : तर काय जातं, साहेब? सांगा ना.

अधिकारी : ते माझ्या कामात येत नाही.

भाऊ : अगं, पण घर गेलं तर माझं तारणही गेलंच की. खांब काढून छपराला ठिगळ लावलंस तू. एवढं साधं कळू नये?

बहीण : माझा हिशेब निराळा होता. बँकेचे कर्जदार गावभर. एकीने थकवलं म्हणून बँकेच्या घरची चूल विझत नाही. तुला बहीण एकच.

भाऊ : मला सांगायचंस. मी थांबलो असतो. वर्षभर थांबलो असतो.

बहीण : तू थांबला असतास.

भाऊ : म्हणजे?

बहीण : जाऊ दे. पातेल्यांवर झाकणं ठेवलीस का?

भाऊ : ताई, म्हणजे काय?

बहीण : हे गेल्यावर मी तुझ्याकडे राहायला आले होते, आठवतं? एकदा दुपारी तुझी बायको स्वयंपाकघरातून तिच्या आईशी फोनवर बोलत होती. म्हणाली, नणंदेला दिलेले पैसे म्हणजे विहिरीत टाकलेले; आता तर नवराही गेला, बुडालेच समज. मी दाराआड कपडे घडी करत होते. तिचा राग नाही हं मला. तिने काटकसर करून संसार उभा केलाय, तिच्या जिवाला लागणारच.

भाऊ : मला यातलं काहीच माहीत नाही.

बहीण : तू तिथेच जेवत होतास. तू मीठ मागितलंस.

भाऊ : मला आठवत नाही, ताई.

बहीण : नसेल आठवत. जेवताना मीठ मागणं कोणाच्या लक्षात राहतं? मी मात्र घडी घालता घालता ठरवलं, दुसऱ्या कोणाचे बुडाले तर बुडोत, याचे बुडू द्यायचे नाहीत.

अधिकारी : बाई, एकदा बँकेत येऊन मोकळेपणाने बोलला असतात, तर मुदत वाढवता आली असती. हप्ता निम्म्यावर आला असता. त्यासाठी साधा अर्ज असतो.

बहीण : मला कुठे ठाऊक? तुम्ही आलात की मी आतल्या खोलीत बसायचे. शेजारणीला सांगून ठेवलं होतं, विचारलं तर बाहेरगावी गेली म्हणा.

अधिकारी : ती तसंच सांगायची. आणि आत तुमचं शिलाई मशीन चालू असायचं.

बहीण : बघा. धड लपताही आलं नाही मला.

अधिकारी : मी दार वाजवायला हवं होतं. पण बाईमाणूस एकटी, म्हणून नोटीस चिकटवून परत जायचो. मला वाटायचं, तुमच्यावर उपकारच करतोय.

भाऊ : साहेब, तो दाव्याचा अर्ज फाडून टाका. मला काही नको. शिल्लक हिला द्या.

अधिकारी : तसं असेल तर हक्क सोडल्याचं लिहून द्यावं लागेल.

भाऊ : देतो. कागद काढा.

बहीण : कागद काढू नका, साहेब. आणि शेड रे?

भाऊ : बघू. दुसऱ्याकडे रोजावर जाईन.

बहीण : या वयात? दुसऱ्याचा रंधा हातात घेऊन त्याची बोलणी खाशील? तुला लहानपणी मास्तरांचं बोलणं सहन झालं नाही, म्हणून तर शाळा सोडलीस.

भाऊ : माझं मी बघेन. तुझ्या डोक्यावर छप्पर नाही, आणि मी पैसे घेऊन जाऊ? लोक तोंडात शेण घालतील.

बहीण : लोकांचं सोड. माझं ऐक. घर कोणी घालवलं? मी. अक्कल कमी पडली, पण घालवलं मीच. कशापायी? तुझे पैसे बुडू नयेत म्हणून. आज तू ते सोडून दिलेस, तर माझं घर गेलं कशासाठी, ते मला समजावून सांग. उद्यापासून मनाला सांगायला मला तेवढं एकच कारण आहे, धाकट्या. तेवढं काढून घेऊ नकोस.

भाऊ : तू असं बोललीस की माझी बोटं चालत नाहीत.

बहीण : चालतील. लाकडावर चालतात, कागदावरही चालतील.

भाऊ : आणि तू राहणार कुठे?

बहीण : लाँड्रीच्या मागे खोली आहे ना. दुकान भाड्याचं, ते कोणी जप्त करत नाही. इस्त्रीची ऊब असते तिथे. रफूची कामं येतात. हल्ली लोक नवे कपडे घेण्याआधी जुने एकदा माझ्याकडे दाखवून जातात.

भाऊ : त्या खोलीत खाट मावत नाही. माझ्याकडे चल. बायकोशी मी बोलतो.

बहीण : नको. तेव्हाचं आता बोललास, तर ती बिचारी ओशाळी होईल. मग ती माझं नको इतकं करील, आणि माझ्या घशाखाली घास उतरणार नाही.

भाऊ : थोडे दिवस तरी.

बहीण : येईन की. पाहुणी म्हणून येईन. मुलांना भेटेन आणि जाईन.

अधिकारी : तुमचं ठरलं असेल, तर सही लागेल. इथे, खाली उजवीकडे.

भाऊ : द्या.

अधिकारी : त्याआधी एक विचारणं मला भाग आहे. दावा करणारा जवळचा नातेवाईक असला, आणि कर्जदार त्याच्याच घरी राहत असला, तर दोघांनी संगनमताने पैसे काढले नाहीत ना, याची चौकशी लागते. तिला काही महिने जातात. तुमची शेड महिनाअखेर म्हणालात.

भाऊ : मग मी काय करू?

अधिकारी : काही नाही. कर्जदार तुमच्याकडे राहतात का, किंवा राहायला येणार आहेत का, तेवढं सांगा. ते मला तसंच लिहायचं आहे.

बहीण : मी सांगते. नाही.

अधिकारी : क्षमा करा, बाई. हे दावा करणाऱ्यानेच सांगावं लागतं.

बहीण : सांग ना रे. खोटं थोडंच आहे?

भाऊ : लिहा, साहेब. कर्जदार माझ्याकडे येणार नाहीत.

वाचकहो, त्या माउलीचे सामान मी तिच्या दुकानामागील खोलीत सुखरूप पोहोचविले. माझे शिक्षण अल्प आहे. लेखनात काही न्यून राहिले असल्यास ते उदार मनाने पोटात घालावे. आपला अमूल्य वेळ या दोन भावंडांसाठी दिलात, त्याबद्दल आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
टेम्पोवाला नाना