पेट्रोल पाइपातच उकळलं तेव्हा

माझं माहेर संगमेश्वराकडचं, तिकडे पाइप म्हणजे विहिरीवरनं येणारा काळा प्लास्टिकचा, तेवढाच मला ठाऊक. लग्न होऊन डोंबिवलीला आले, मिस्टर एमआयडीसीत केमिकल कंपनीत. तिथे एकदा पाइपाचा जोड सुटला, गरम काहीतरी उडालं आणि त्यांचा हात कोपरापर्यंत भाजला, हात राहिला पण नोकरी नाही राहिली. मग मी कामाला लागले, आणि लागले बघा तेही पाइपांच्याच वर्कशॉपात, कंपन्यांना लागतात त्या बारीक स्टीलच्या नळ्या वाकवून द्यायचं काम. आधी मी पॅकिंगला होते. पण नळी न चेपता वळते कशी हे मला कळेना, हातातलं काम सोडून बघत बसायचे, शेवटी शेठना म्हटलं मला एकदा करू द्या. पहिली चेपली, दुसरी चेपली, मी काही सोडलं नाही. आता वाकवायचं काम माझ्याकडेच असतं.

तर गेल्या उन्हाळ्यात ठाण्याच्या एक मॅडम आल्या, कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेल्या. त्यांच्या भावाची जुनी गाडी होती, भाऊ वारला, गाडी बाळकुमला घाग म्हणून मेकॅनिक आहेत त्यांच्याकडे उभी. भाऊ असताना जुना रबरी पाइप फुटून बॉनेटखाली आग लागलेली. घरचे म्हणत होते विकून टाक. मॅडम म्हणाल्या, विकणार नाही, पण पेट्रोलची लाइन नवीन झाल्याशिवाय चालवणारही नाही. घरी सांगितलं तर मिस्टर जेवता जेवता थांबले. पेट्रोलचं काम नको घेऊस, म्हणाले, जोड सुटला तर आत माणूस बसलेलं असतं. मी म्हटलं, म्हणूनच घेते.

गॅरेजात गेलेले तेव्हा बॉनेट उघडून बघते तर एका ओळीत तीन कार्बोरेटर, पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला देतात ते. मी म्हटलं एका इंजिनाला तीन कशाला, तर घाग म्हणाले, ताई, प्रत्येकाने आपापल्या सिलिंडरांचं बघायचं. मला आपलं वाटलं की तिघांना सारखं पेट्रोल जायचं तर तिघांचे पाइप सारख्या लांबीचे पाहिजेत, नाहीतर शेवटचा उपाशी. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी घागना एक कार्बोरेटर उघडायला लावला. आत इवलीशी टाकी आणि तरंगणारा गोळा, अगदी संडासच्या फ्लशमध्ये असतो तसा, भरली टाकी की गोळा वर आणि पेट्रोल बंद. म्हणजे लांबी कमीजास्त झाली तरी चालतं, मागून पुरेसं येत राहिलं म्हणजे झालं. काय सांगू तुम्हाला, मी तो गोळा बोटाने कितीतरी वेळ वरखाली करत बसले.

मग आम्ही वेल्डिंगची तार वाकवून लाइनचा रस्ता आखला. इंजिन हलतं म्हणून बॉडी आणि इंजिनाच्या मध्ये रबरी तुकडा ठेवला, बाकी स्टील, जागोजागी क्लॅम्प. लाइन कार्बोरेटरांच्या खालून सरळ नेली, आम्हा तिघांनाही तीच वाट सोयीची वाटली, दिसायलाही सुरेख. घागनी एकेक जोड तपासला, मीही तपासला.

येऊरच्या चढावर न्यायचं ठरलं, भर दुपारी. निघताना मिस्टर म्हणाले मी येतो. मागे बसले, खिडकी उघडी ठेवून, पेट्रोलचा वास येतोय का बघत. चढाला लागलो तर गाडी आचके द्यायला लागली आणि बंद पडली. मिस्टर आधी उतरले, सगळ्यांना लांब उभं केलं, बॉनेट घागनी उघडलं. जोड सगळे कोरडे. गळती कुठेच नाही, मग झालं काय. मॅडम वाकून बघत होत्या, म्हणाल्या, आपली लाइन सायलेन्सरला जाणाऱ्या गरम पाइपाच्या डोक्यावरून गेलीय, पेट्रोल आतच उकळलं, पंप नुसती वाफ ढकलतोय. मी म्हटलं, पाण्यासारखं उकळलं? त्या म्हणाल्या, पाण्याच्या किती आधी उकळतं ते. गाडी गार झाली आणि काहीच दुरुस्त न करता परत चालू झाली.

परत सगळं काढलं. या वेळी लाइन पुढून, वरून, गरम पाइपापासून लांब नेली, मध्ये पत्रा लावला, आणि शेवटच्या कार्बोरेटरच्या पुढे एक पाइप परत टाकीकडे, म्हणजे पेट्रोल एका जागी तापत बसायला नको, फिरतं राहील. मी विचारलं, सगळं परतच गेलं तर हे तिघं काय पितील. तर घाग म्हणाले, परतीच्या वाटेला बारीक भोक ठेवायचं, थोडंच जातं. हे मला फार आवडलं. दिसायला पहिल्याइतकी छान नाही हां, वळसे फार आहेत.

दुसऱ्यांदा येऊरला न थांबता चढलो. वर गेल्यावर मिस्टरांनी त्याच भाजलेल्या हाताने एकेक जोड चाचपला, बोटांचा वास घेतला आणि मला म्हणाले, कोरडं आहे गं. त्या अपघातानंतर त्यांनी पाइपाला हात लावलेला मी तेव्हाच पाहिला.

आता मॅडम रविवारी गाडी काढतात, कधी आम्हाला घ्यायला डोंबिवलीला येतात, बिल्डिंगमधले लोक गॅलरीत येऊन बघतात. मिस्टर पुढे बसतात आणि घागनी काय काय बदललं ते विचारत राहतात. मॅडमचं वय झालंय, क्लच जड आहे, उतरताना दाराला धरून उभ्या राहतात जराशा. देव त्यांचे गुडघे नीट ठेवो, एवढंच.