शामलाचं लीवे

नाही भावोजी, चहा ठेवलाय तो घ्या, पण शामला देवळात गेलीय म्हटलं ना मघाशी, येईल तेव्हा येईल — मुरारहून मंडळी दुपारी तिला बघायला येणार हे तुम्ही मला आज सांगता, आणि वर विचारता, वहिनी, मुलीच्या डोळ्यांखाली काळं का झालंय. का झालंय? अभ्यास करून. हे गेले, घरचे कर्ते तुम्ही झालात, आणि पहिलं काय केलंत, तर तिची शाळा बंद — इंदूरच्या त्या लोकांना शिकलेली सून नको होती ना. दोन वर्षं पोर खामखा पापड लाटत बसली आणि त्यांनी सून आणली उज्जैनची. तुम्ही एका शब्दानं जाब विचारला नाहीत. मग मीच तिला परत शाळेत घातलं, तर बरोबरीच्या मुली कुठल्या कुठे पुढे. तिच्या इंग्रजीच्या इंदुताई म्हणाल्या, शामला, तुला बरंच लीवे भरून काढायचंय. मला रागच आला, म्हटलं हे काय आता — तर त्यांनी समजावलं, गलबतावरचा शब्द आहे, वारा बाजूनं रेटतो तेवढं गलबत वाटेवरून सरकतं, ते लीवे. तेवढं अंतर कापून पुन्हा वाटेला लागायचं. आपण ग्वाल्हेरची माणसं, समुद्र कोणी पाहिलाय, पण मला बिलकुल समजलं. गलबताची काय चूक हो? वारा तुम्ही होतात. हसू नका. गणितापायी रडली, जेवणं सोडली, पण सगळं भरून काढलंन पोरीनं, बरोबरीच्या मुलींना गाठलंन, आणि आत्ता त्यांच्याच रांगेत बसून पेपर —

हो. देवळात नाही ती. मॅट्रिकला बसलीय, आज शेवटचा पेपर. मीच वेणी घालून पोचवून आले, आणि तुमच्याशी खोटं बोलले — बोलले तर बोलले. कुठे निघालात? पुरुषांना आत सोडत नाहीत तिथं, आणि इंदुताई फाटकातच बसल्यात, तुम्हाला चांगल्या ओळखतात. मुरारच्या लोकांना काय सांगायचं ते सांगा, मंडळी तुमची, शब्द तुमचा. मुलगी माझी आहे.

पेपर सुटायची वेळ झाली, मला तिला आणायला जायचंय. दारातून बाजूला व्हा.