पाहुणे गेलेले हजार सारस

शिगेनो: विसरतील? कोण विसरेल? माझ्या किनुयोची थोरली लग्न होऊन ओसाकाला गेली, त्या उन्हाळ्यात तामोत्सुने हरायच्या आधीच सारस नेऊन दिले. पन्नास वर्षं असंच सांगतील या बंदरात.

तामोत्सु: पन्नास वर्षं मी थोडाच ऐकायला बसलोय, ताई.

शिगेनो: तेच सांगायला आलेय. बस म्हणून.

तामोत्सु: आधी चपला तरी काढ. आणि कुत्र्याला आत घेऊ नकोस.

शिगेनो: हा इथे कसा? सुताराला देऊन टाकलास ना?

तामोत्सु: दिला. रोज सकाळी परत येतो. दुपारी सुतार येऊन घेऊन जातो.

शिगेनो: तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं.

तामोत्सु: सातूचा चहा गार आहे. ओतून घे. उन्हातून भांडायला आलीस, घसा कोरडा पडला असेल.

शिगेनो: मला एक सांग. त्या हजार कागदी सारसांतले तीनशे मी दुमडले. बोटं वळत नाहीत तरी दुमडले. हरणाऱ्या शाळेने आपले सारस जिंकणाऱ्यांना द्यायचे, आमचंही नशीब पुढे घेऊन जा म्हणून. चांगली रीत आहे, मी कधी आड आले नाही. पण हरल्यावर द्यायचे, तामोत्सु. हरल्यावर.

तामोत्सु: नववा डाव होता, शेवटचा. त्यांच्या सहा, आपली एक. दोन बाद. बेसवर चिटपाखरू नाही. एक गडी बाद व्हायला वेळ तो किती लागतो?

शिगेनो: काल बावीस मिनिटं लागली. आणि झालाच नाही.

तामोत्सु: त्यांची बस उभी होती. शहरातली पोरं, दीड तासाचा रस्ता, हे असलं ऊन. म्हटलं, त्यांना ताटकळत ठेवायला नको. पाठीराख्यांच्या मंडळाचा अध्यक्ष आहे मी. कुणाचा खोळंबा होऊ नये हे मलाच बघावं लागतं.

शिगेनो: म्हणून अध्यक्षांनी कठड्याला बांधलेल्या माळेची गाठ सोडली, सारस खांद्यावर घेतले, आणि अख्ख्या मैदानाला वळसा घालून त्यांच्या दारात जाऊन कमरेत वाकले.

तामोत्सु: त्यांचे अध्यक्ष भला माणूस. कुसुनोकी नाव, दाताचे डॉक्टर. तेही वाकले. आम्ही दोघं वाकलेलोच होतो तेवढ्यात मागून आरडाओरडा झाला.

शिगेनो: तो न्हाव्याचा हायातो. पाठीत चेंडू बसला त्याच्या.

तामोत्सु: हायातो? तो काय करत होता तिथे? सबंध उन्हाळ्यात त्याच्या बॅटला चेंडू लागलेला नाही.

शिगेनो: बॅटला लागला नाहीच. पाठीला लागला म्हणते ना. बेस फुकट मिळाला आणि पळताना हसत होता, मूर्ख. पण ते राहू दे. आईच्या वेळीही तू हेच केलं होतंस.

तामोत्सु: झालं. आली आई.

शिगेनो: डॉक्टर नुसती मान हलवून गेले, आणि तू मठातल्या भिक्षूंना अंत्यविधीचं सांगून आलास. ते काळी वस्त्रं घालून दारात उभे. आई अंथरुणात उठून बसली आणि त्यांनाच विचारते, चहा घेणार का.

तामोत्सु: त्यांनी घेतला.

शिगेनो: दोन कप घेतले. आणि आई पुढे तीन वर्षं जगली. दरवेळी ते भिक्षू रस्त्यात दिसले की मलाच लाज वाटायची.

तामोत्सु: कुणाची धावपळ होऊ नये म्हणून मी आधी सांगून ठेवतो. एवढाच माझा गुन्हा.

शिगेनो: होडी माझ्या पोराला दिलीस. जाळी शेजाऱ्याला. कुत्रा सुताराला. आपल्या बायकोच्या, फुमीच्या फोटोपुढची घंटासुद्धा पुसून फडक्यात बांधलेली दिसतेय. ती कुणाला?

तामोत्सु: किनुयोला. तिला आवाज आवडतो तिचा.

शिगेनो: आणि इस्पितळातली खाट? ती कुणाला देणार आहेस?

तामोत्सु: किनुयोच्या तोंडात तीळ भिजत नाही.

शिगेनो: तिने नाही सांगितलं. नर्सबाईंनी आमच्याकडे फोन केला, मी उचलला. आज बारापर्यंत हो की नाही कळवायचंय. नाही कळवलंस तर ऑपरेशनची तारीख दुसऱ्याला देतील.

तामोत्सु: देऊ देत. कुणीतरी चाळिशीतला असेल, लहान पोरांचा बाप. मी त्र्याहत्तरचा आहे.

शिगेनो: आणि मी एकोणऐंशीची. मला वय सांगू नकोस. डॉक्टर काय म्हणाले?

तामोत्सु: शंभरात चाळीस.

शिगेनो: काल आपले शंभरात दोनही नव्हते.

तामोत्सु: बेसबॉल वेगळा, ताई. पोट वेगळं. काल पोरं हरली असती तर थोडं रडून, अंघोळ करून बर्फाचा गोळा खायला गेली असती. उगाच दोन्हींची मोट बांधू नकोस.

शिगेनो: बरं. नाही बांधत.

तामोत्सु: आणि फुमीचं बघितलंयस तू. तेव्हा मी कुठली गाठ सोडली? एकही नाही. आणखी एक औषध आहे, म्हटलं. ते झालं, आणखी एक. आठ महिने. ती म्हणायची, घरी ने, इथून बंदर दिसत नाही. मी म्हणायचो, आधी बरी हो. शेवटी शेवटी ती भिंतीकडे तोंड करून पडायची. मी तिला उठूच दिलं नाही. तिचं घर तिथून चार किलोमीटरवर होतं आणि मी तिला इस्पितळात मरायला लावलं.

शिगेनो: मी डबा घेऊन यायचे. बघत होते.

तामोत्सु: मग?

शिगेनो: मग काही नाही. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. सहा वर्षं झाली, सापडलेलं नाही.

तामोत्सु: मग चहा पी आणि हा विषय सोड.

शिगेनो: सोडणार नाही. उत्तर सापडत नाही म्हणून उठून जायचं, हे तुझं. मी इथेच बसणार. फुमीने आठ महिने काढले ते तुझ्यासाठी. तू माझ्यासाठी एक ऑपरेशन काढ. मला उद्या परवा त्या कठड्यापाशी एकटीने बसायचं नाही. किनुयोला चेंडू कुठे जातो तेही कळत नाही, ती ओळखीच्या बायकांना हात करत बसते. झालं, यात शहाणपण काही नाही. मला पाहिजे म्हणून.

तामोत्सु: लहानपणापासून अशीच आहेस. तुला पाहिजे म्हणून.

शिगेनो: पीच फळाचा मोठा तुकडा मलाच मिळायचा. अजून बोलून दाखवतोस.

तामोत्सु: ताई, एक विचारू?

शिगेनो: विचार.

तामोत्सु: हायातोनंतर काय झालं?

शिगेनो: म्हणजे? तुला माहीत नाही?

तामोत्सु: पेपरात नुसतं सातला सहा, एवढंच आलंय. कालपासून घराबाहेर पडलेलो नाही. विचारू कुणाला? लोक हसतात.

शिगेनो: पण बावीस मिनिटं होती. पहिल्याच आरोळीला परत यायचं की. होतास कुठे तू?

तामोत्सु: मुताऱ्यांच्या मागे.

शिगेनो: काय करत होतास?

तामोत्सु: उभा होतो. डोक्यावर टॉवेल घेऊन. मी निघालो आणि धावा यायला लागल्या. परत फिरलो असतो तर थांबल्या असत्या. तुला कळत नाही का एवढं? हलायचंच नव्हतं. पाय सुद्धा बदलला नाही. एक मुंगी चढत होती पोटरीवर, तिला चढू दिली. सात आरोळ्या मोजल्या. आठवी आली ती वेगळीच, मग बँड वाजला, तेव्हा खाली बसलो.

शिगेनो: म्हणजे होतास तर शेवटपर्यंत.

तामोत्सु: होतो. फक्त दिसत काही नव्हतं.

शिगेनो: हे कुणाला सांगितलंस?

तामोत्सु: सांगण्यासारखं आहे का ते? बंदराचा माणूस मुताऱ्यांच्या मागे मुंग्या पोसत होता. सांग ना पुढचं.

शिगेनो: सांगते. हायातो पहिल्या बेसवर. मग त्या लांब मानेच्या पोराने दोघांच्या मधून सरळ मारला. ती तुझी दुसरी आरोळी. पुढच्याला त्यांच्या पिचरने चार चेंडू बाहेर टाकले, त्यालाही बेस फुकट. तिन्ही बेस भरले. पिचर बिचारा सकाळपासून टाकतोय, टोपी काढून घाम पुसला तर टोपी खाली पडली त्याच्या हातातून. तेव्हाच मी किनुयोला म्हटलं, आता बघ.

तामोत्सु: चौथी फार लांबली होती. लाट आल्यासारखी.

शिगेनो: ती चूक. त्यांचा मधला खेळाडू, काल दिवसभर ज्याच्या हातातून माशी सुटली नाही, त्याच्या दोन पायांमधून चेंडू गेला. साधा, जमिनीवरून आलेला. दोन धावा. ते पोरगं आपल्या हातमोज्याकडेच बघत राहिलं.

तामोत्सु: अरेरे.

शिगेनो: अरेरे कसलं? मी उभी राहून ओरडले. मग आपल्या जाड्याने उजवीकडे मारला, आणखी एक धाव. सहाला चार. त्यांनी पिचर बदलला. नवा आला तो थरथरत होता, पोरगं पंधरा वर्षांचं. एकाला फुकट बेस, दुसऱ्यालाही फुकट. ढकलत ढकलत एक धाव आत. सहाला पाच. तिन्ही बेस भरलेले, दोन बाद, आणि बॅट हातात घेऊन आला मुनेमोतोचा धाकटा.

तामोत्सु: तो पाय आपटतो आधी.

शिगेनो: तीनदा आपटला. पिचरने चेंडू टाकला.

तामोत्सु: हं.

शिगेनो: अकरा वाजून वीस झाले.

तामोत्सु: चेंडू टाकला, पुढे?

शिगेनो: पुढे फोन. तो तिथे भिंतीवर आहे.

तामोत्सु: हे बरं नाही, ताई.

शिगेनो: नाहीच आहे बरं. मी कुठे म्हटलं बरं आहे?

तामोत्सु: मी मुनेमोतोच्या घरी जाऊन विचारेन.

शिगेनो: जा. सगळं बंदर ओलांडून जावं लागेल. मच्छीबाजारात आत्ता लिलाव संपला असेल, सगळे बाहेर उभे आहेत. जा.

तामोत्सु: फुमी असती तर तुला हाकललं असतं तिने.

शिगेनो: फुमी असती तर फोन तिनेच लावला असता. कुत्रा काय मागतोय बघ. त्यालाही कंटाळा आला तुझा.

तामोत्सु: हॅलो. हो. मी कावानो. कावानो तामोत्सु. शल्य विभाग द्या. थांबतो. हो, थांबलोय. नमस्कार, नर्सबाई. त्या तारखेचं सांगायचं होतं. नाही, रद्द नाही. माझी ठेवा. सहा ऑगस्ट. हो, हो, उपाशीपोटी. बहीण येईल बरोबर. तिला नको म्हटलं तरी येईल. ठेवतो.

शिगेनो: वाकतोस काय फोनला.

तामोत्सु: सवय आहे. सांग आता. चेंडू टाकला.

शिगेनो: तो चेंडू तू इस्पितळातून घरी आलास की सांगेन.

तामोत्सु: हे ठरलं नव्हतं.

शिगेनो: मी ठरवलं. आता ती घंटा सोड फडक्यातून आणि जागेवर ठेव. आणि दारामागे बघ, पिशवी आहे. कुसुनोकी डॉक्टर काल स्वतः माझ्याकडे घेऊन आले होते, दोन्ही माळा. एक त्यांची, हरल्याबद्दल. आणि एक आपली. म्हणाले, तुमचे सारस आमच्याकडे थोडा वेळ पाहुणे आले होते, फार चांगले वागले.

(पुढच्या वर्षीचा जुलै. तेच घर. तामोत्सु आणि शिगेनोची मुलगी किनुयो कागदी सारस दोऱ्यात ओवत बसले आहेत.)

किनुयो: मामा, हे निळे खाली घ्या. आई निळे नेहमी खाली घ्यायची.

तामोत्सु: तुझी आई सगळं स्वतःच्या मनासारखं घ्यायची. किती झाले?

किनुयो: सातशे. तुम्ही पेज खाल्लीत का?

तामोत्सु: भात खाल्ला. मासा पण. डोकं खाऊ नकोस माझं. उद्या सकाळी सातला निघायचं.

किनुयो: लोक विचारत होते, यंदा तामोत्सु कठड्यापासून किती लांब बसणार?

तामोत्सु: कठड्यालाच बसणार. गाठ मी मारणार. आणि पंचांनी हात वर करून, दोन्हीकडच्या पोरांनी रांगेत उभं राहून मान तुकवल्याशिवाय कुणी हात लावला त्या गाठीला, तर त्याची बोटं मोडेन.

किनुयो: गेल्या वर्षी पुढचाच सामना दहाला शून्य हरलो होतो. फरक फार झाला म्हणून सातव्या डावातच थांबवला.

तामोत्सु: हरलो. मग दिल्या ना दोन्ही माळा. हरल्यावर दिल्या. तुझी आई शेजारी उभी राहून बघत होती, मी कधी सोडतो ते.

किनुयो: मामा, तो शेवटचा चेंडू. तुम्हाला कुणी सांगितलं का नंतर?

तामोत्सु: मुनेमोतोचा पोरगा स्वतः आला होता इस्पितळात. मी त्याला गप्प केलं. म्हटलं, मला सांगणारं माणूस आहे.

किनुयो: तिने पाहिलाच नव्हता.

तामोत्सु: काय?

किनुयो: पोराने तिसऱ्यांदा पाय आपटला आणि आईने डोळे मिटले. माझं मनगट धरलं होतं, दोन दिवस काळंनिळं होतं ते. सगळे ओरडले तरी उघडेना. मला विचारते, काय झालं ग? कुठे गेला?

तामोत्सु: शिगेनोने डोळे मिटले?

किनुयो: घट्ट. इथून घरी आल्यावर मी विचारलं तिला, की मग मामाला सांगणार काय तू? म्हणाली, तो परत तर येऊ दे, सुचेल काहीतरी.

तामोत्सु: आणि मला म्हणाली, सहाला पाच, मुनेमोतोचा धाकटा, पिचरने चेंडू टाकला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही तिच्या.

किनुयो: मी सांगू? मी बघितलाय तो. तेवढा एकच चेंडू बघितला मी नीट.

तामोत्सु: नको. दोरा दे इकडे.

किनुयो: रडताय का मामा?

तामोत्सु: दोरा दे म्हटलं. नऊ सप्टेंबरला सकाळी ती मासे धुरीला लावता लावता खाली बसली आणि गेली. मी एकवीस सप्टेंबरला घरी आलो. बारा दिवस आधी उठून गेली माझी बहीण, आणि आधी उठून जाणारा म्हणून गावात नाव अजून माझंच आहे.